होल्डर नंबर सात

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा फोटोग्राफी (दुकानाची पाटी सहा वर्षांपूर्वी उतरवली, खोड उतरलेली नाही), हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की कोणी गोड बोलून गुंडाळलेले नाही. जावई गेल्या आठवड्यात सफरचंदे घेऊन आला होता, पण ती डॉक्टरांनी सांगितली होती म्हणून. त्याचा या कागदाशी संबंध जोडू नये.

येत्या सोमवारी माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. सर्जन म्हणतात, शंभरातले पंच्याण्णव उठून घरी जातात. मी जन्मभर शंभर फिल्ममागे पाच बिघडलेल्या पाहिल्या आहेत, त्यामुळे मला त्या पाचांचीही ओळख आहे. म्हणून ही व्यवस्था. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुणाकडे एखादे निघालेच तर ते बनावट समजावे.

कलम १. घर. वरच्या दोन खोल्या आणि खालचा स्टुडिओ, डार्करूमसकट, माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावा. तिने राहावे, भाड्याने द्यावा, विकावा, तिची मर्जी. अट एकच. खालच्या पुढच्या खोलीतली उत्तरेची मोठी खिडकी ती मालकीण आहे तोवर बुजवू नये. जावई एकदा तिथे टेप घेऊन उभा होता. "बाबा, इथे एसी मस्त बसेल," म्हणाला. त्या खिडकीतून दिवसभर एकसारखा उजेड येतो, ऊन कधी आत येत नाही. त्या उजेडावर मी दोन पिढ्यांचे चेहरे काढले. एसीला घरात दुसऱ्या भिंती आहेत.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलीला. किती ते तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

कलम ३. माझ्या बायकोचे रिटचिंगचे टेबल, तिच्या पेन्सिली आणि भिंग मुलीला द्यावे. मोठ्या निगेटिव्हवर पेन्सिलीने काम करता येते हे आता कोणाला सांगून खरे वाटत नाही. टोक सुईसारखे करून ती एकेक पुटकुळी, एकेक व्रण भरून काढायची. डोळ्यांखालच्या सुरकुत्यांना मात्र हात लावायची नाही. "त्या माणसानं कमावलेल्या असतात," म्हणायची. ती गेल्याला आठ वर्षे झाली. माझ्या धाकट्या भावाकडे जाऊन भांडण मिटवा, असे तिने मला किती वेळा सांगितले याची गणती नाही. मी दर वेळी "त्याने यावे" म्हणत राहिलो. खरे काय ते तिलाही सांगितले नव्हते. ते कलम सातमध्ये येईल.

कलम ४. माझ्या पंच्याहत्तरीला जावयाने भेट दिलेला जुना लाकडी कॅमेरा जावयालाच परत जावा. त्याने प्रेमाने आणला, हे मान्य. पण दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. लाकडाला पॉलिश, पितळ असे लखलखीत की दाढी करावी. मी भात्यात बल्ब सोडून अंधार केला, तर भिंतीभर ठिपके. भाता म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्या मधली कातडी घडी. तिच्यातून टाचणीएवढा उजेड शिरला तरी फिल्म वाया जाते. याची चाळण झाली होती. पुढे बसवलेली लेन्स कुठल्यातरी प्रोजेक्टरची, आणि शटर जागेवरच नाही. जावयाने त्याचा दिवा करून हॉलमध्ये ठेवावा. बल्ब त्यात फार छान दिसतो, मी लावून पाहिला आहे.

कलम ५. माझा चार-पाचचा घडीचा कॅमेरा (म्हणजे ज्याची फिल्म चार इंच बाय पाच इंच असते तो), त्याची एक लेन्स आणि सहा होल्डर मुलीने विकावेत. मात्र पहिल्या आलेल्या माणसाला देऊ नयेत. माणूस आधी पारखावा.

ज्याचा हात आधी पितळेला लागेल त्याला पाणी देऊन वाटेला लावावे. जो बॅटरी मागेल आणि अंधारी खोली कुठे आहे विचारेल, त्याला बसायला खुर्ची द्यावी. त्याने भात्याच्या घड्यांचे कोपरे तपासले पाहिजेत. भाता मधे फाटत नाही, कोपऱ्यात फाटतो. मग शटर एक सेकंदावर लावून कानाशी धरावे. या शटरचा एक सेकंद म्हणजे सव्वा सेकंद आहे. ती त्याची तब्येत आहे, बिघाड नव्हे. समोरच्या घड्याळवाल्यांनी तीनदा उघडून सांगितले आहे. मग लेन्सवर बॅटरी तिरकी मारावी. बारीक ओरखडे असले तर घाबरू नये. आत कोळिष्टकासारखी बुरशी असेल तर मात्र फुकटही घेऊ नये. या लेन्सला बुरशी नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, जे विकत घेणारा कधीच बघत नाही. मागची दुधी काच आणि फिल्म, दोन्ही लेन्सपासून बरोबर सारख्याच अंतरावर बसतात का ते मोजावे. कोणी हौशीने काच बदललेली असते आणि बसवताना केसभर फरक करून ठेवलेला असतो. मग काचेवर डोळे स्पष्ट दिसतात आणि फिल्मवर कान. हे जो आपणहून मोजेल, त्याला कॅमेरा द्यावा. किंमत तो म्हणेल ती.

त्याला माझा निरोप सांगावा. पहिला महिना फिल्म घालू नकोस. काळे कापड डोक्यावर घे आणि दुधी काचेवर नुसता बघत बस. सगळे उलटे दिसेल, डोके खाली, पाय वर. मान वाकडी करू नकोस. पंधरा दिवसांत डोळा आपोआप सरळ होतो. नंतर क्रम पाठ कर: शटर बंद, होल्डर आत, स्लाईड बाहेर, शटर उघडणारी केबल दाब, स्लाईड उलटी करून आत. शटर बंद करायला विसरलास की फिल्म गेली. हे प्रत्येकाच्या हातून एकदा होते, त्याचे रडगाणे गाऊ नये.

स्लाईड म्हणजे होल्डरमधल्या फिल्मवरचे सरकते झाकण. तिची एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी बाहेर असेल तर आतली फिल्म कोरी. फोटो घेतला की स्लाईड काढलेली असतेच, ती फिरवून काळी बाजू बाहेर येईल अशी घालायची. काळी दिसली की कोणी त्या फिल्मला पुन्हा हात लावत नाही. एवढ्याशा गोष्टीवर हा सगळा धंदा उभा आहे. म्हणून मी एक नियम केला होता. दर फोटोनंतर वहीत ओळ लिहायची: होल्डरचा नंबर, कोण, किती सेकंद, लेन्सचे तोंड किती उघडे (नुसता आकडा, अकरा, सोळा असा), आणि स्लाईड फिरवल्यावर, फिरवल्यावरच, शेवटी "फि" लिहायचे. फि म्हणजे फिरवली. आता त्यावर काही घ्यायचे नाही. हा नियम मी धाकट्यालाही लावला होता आणि तो चुकला की त्याच्या डोक्यात टपली मारत असे.

कलम ६. फ्रिजमध्ये भाजीच्या ट्रेखाली आठ-दहाच्या (आठ इंच बाय दहा इंच) फिल्मची एक पेटी आहे. त्यात पाच फिल्म उरल्या आहेत. मुलीने ती वड्यांचे पाकीट समजून उघडू नये. एकदा नातीने उघडले होते, तेव्हापासून दहाच्या पाच झाल्या. डार्करूममधल्या बाटल्या मोरीत ओतू नयेत. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला माणूस येऊन नेतो, त्याचा नंबर दारामागे लिहिला आहे.

कलम ७. आता मुद्द्याचे.

आठ-दहाचा मोठा कॅमेरा, त्याचे सागवानी स्टँड, दोन लेन्स, बारा होल्डर, काळे कापड, माझ्या नोंदींच्या सगळ्या वह्या, आणि "आई" असे लिहिलेल्या पाकिटातली एक निगेटिव्ह, हे सर्व माझ्या धाकट्या भावाला द्यावे. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. दोन गल्ल्या सोडून झेरॉक्सच्या शेजारी त्याचे पासपोर्ट फोटोचे दुकान आहे. चोवीस वर्षे आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. कारण लोकांना माहीत आहे ते खोटे आहे. खरे पुढीलप्रमाणे.

आम्ही दोघांनी एकवीस वर्षे एकत्र काम केले. मी कापडाच्या आत, तो बाहेर. आठ-दहासमोर माणूस दगड होतो. दोन सेकंद हलू नका म्हटले की श्वास घ्यायचा विसरतो. धाकटा कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहायचा आणि कायतरी बोलायचा. काय बोलायचा ते मला आतून कधी ऐकू आले नाही, पण काचेवरचा उलटा चेहरा हळूहळू माणसात यायचा. माझ्या नावावर जे चांगले फोटो आहेत त्यांतले निम्मे त्याचे आहेत, हेही या निमित्ताने लिहून ठेवतो.

आईचा मोठा फोटो कधी घेतलाच नव्हता. चांभाराच्या पायात फाटकी वहाण असते तसे. ती ब्याऐंशीची झाली तेव्हा एका सकाळी तिला उत्तरेच्या खिडकीशी बसवले. होल्डर नंबर सात, बाजू अ (होल्डरच्या दोन्ही बाजूंना एकेक फिल्म बसते, अ आणि ब). धाकटा नेहमीच्या जागी. मी केबल दाबली, दोन सेकंद मोजले आणि स्लाईड हातात घेतली. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, त्या काचेत मी उलटी दिसते ना तुला? मग सरळ कर की लवकर. डोक्यात रक्त उतरलं माझ्या."

आम्ही दोघेही हसत सुटलो. धाकटा खाली बसून हसत होता. मी हसता हसता स्लाईड आत सारली, वहीत ओळ लिहिली आणि आईला हात धरून जिना चढवला.

दुपारी धाकटा एका औषधाच्या कारखान्यात कॅटलॉगचे काम करायला गेला. फळीवर चार-चार ओळींत मांडलेल्या बाटल्या. संध्याकाळी फिल्म धुतल्या. सात-अ वर आई होती आणि आईच्या तोंडावरून, गळ्यावरून बाटल्या होत्या. आईचा फोटो उभा, बाटल्यांचा आडवा, म्हणून बाटल्या आडव्या पडलेल्या. एका फिल्मवर दोन फोटो.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा मॅनेजर निगेटिव्ह बघायला आला होता, आणखी दोन गिऱ्हाइके बाकावर बसली होती. त्यांच्यादेखत मी धाकट्याला म्हणालो, "काळी स्लाईड दिसत असताना घेतलास ना फोटो? डोळे होते कुठं तुझे?"

तो म्हणाला, "दादा, पांढरी होती. शपथ सांगतो, पांढरी होती."

मी म्हणालो, "तीस वर्षांत माझी स्लाईड फिरवायची राहिलेली नाही. तुझ्या हातात कॅमेरा देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत." आणखी बरेच म्हणालो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्याने आपली कात्री उचलली आणि गेला. मॅनेजरने ही गोष्ट चवीने गावभर केली. त्यानंतर धाकट्याला कोणी मोठे काम दिले नाही. तो चोवीस वर्षे पासपोर्ट फोटो कापतो आहे.

चौथ्या दिवशी मी वही उघडली. मला आईच्या फोटोचे सेकंद बघायचे होते, पुन्हा घ्यावा म्हणून. ओळ अशी होती: "७-अ. आई. दोन सेकंद. सोळा." त्यापुढे काही नव्हते.

फि नव्हते.

म्हणजे स्लाईड मी फिरवलीच नव्हती. पांढरी बाजू बाहेर ठेवून मीच होल्डर फळीवर ठेवला होता, आणि धाकट्याने कोरी फिल्म म्हणून तो नेला. तो खरे बोलला होता. चोराच्या उलट्या बोंबा होत्या माझ्या.

मी वही बंद केली आणि ट्रंकेत सगळ्यांत खाली ठेवली. फाडायची छाती झाली नाही. दाखवायचीही नाही.

आईला मी म्हणालो, चल, पुन्हा बस, फोटो घेऊ. ती म्हणाली, "दोघं असाल तर बसते. एक आत, एक बाहेर. मी बघू कोणाकडे? एकट्या त्या भिंगाकडे बघून मला हसू यायचं नाही." मी म्हणालो, तो येणार नाही. ती म्हणाली, "तू बोलवून तर बघ." कॅमेरा स्टँडवर होता, फिल्म भरलेली होती, खिडकी होती तिथे होती आणि धाकटा दोन गल्ल्या पलीकडे होता. त्यानंतर आई सदतीस दिवस होती. मी गेलो नाही. गेलो असतो तर वहीबद्दल बोलावे लागले असते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; माझा तर सुंभही जळला नव्हता, मी नुसता पीळच होतो. अडतिसाव्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

आईचा मोठा फोटो नाही याला मी कारण आहे. धाकटा नाही. हे कलम माझ्या पश्चात त्याला वाचून दाखवावे आणि माझ्या मुलीने त्याची माफी मागावी.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. जावयाने मदत करावी, सल्ला देऊ नये.

पुरवणी. वरील मजकूर मी मंगळवारी पुरा करून वकीलबाईंना दाखवला. त्यांनी सगळी कलमे भरभर वाचली. सातवे दोनदा वाचले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "काका, कायद्यानं यात काही अडत नाही. पण हे त्यांना कळणार तुम्ही गेल्यावर. मग त्यांनी भांडायचं कोणाशी?"

मी म्हणालो, "माझी मुलगी माफी मागेल."

"तिनं काय केलंय?" त्या म्हणाल्या. "स्लाईड तिच्याकडून फिरवायची राहिली होती का?"

वकिलाची फी वसूल झाली म्हणायची. बुधवारी सकाळी मी वही काखेत मारून धाकट्याच्या दुकानी गेलो. दोन गल्ल्यांना मला पाऊण तास लागला. छाती अशी आहे आणि पायही तयार नव्हते. तो काउंटरमागे उभा राहून फोटो कापत होता. तीच कात्री. माझी बायको गेली तेव्हा तो दारापर्यंत येऊन मुलीशी बोलून गेला होता, तेव्हा पाठमोरा पाहिला होता, तेवढेच. आता केस अजिबात नाहीत.

मी वही उघडून काउंटरवर ठेवली. त्याने चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचले. "सात-अ. आई. दोन सेकंद. सोळा." बोट तिथेच थांबले. मग म्हणाला, "फि नाही."

"नाही."

"तुला कधी कळलं?"

इथे मला "आज सकाळी" म्हणता आले असते. तोंडात आलेही होते. मी म्हणालो, "चौथ्या दिवशी."

त्याने चष्मा काढला. "म्हणजे आई होती तेव्हा."

"हो."

तो कात्री उघडत मिटत म्हणाला, "दादा, मी पांढरी म्हणालो खरा. पण पुढं पुढं माझी मलाच खात्री राहिली नाही. वाटायचं, तू कसा चुकशील? मीच घाईत नीट बघितलं नसणार. चोवीस वर्षं मी आईचा फोटो घालवला, असंच धरून चाललोय. बायकोला, पोरांनाही तसंच सांगितलंय. पोरं विचारतात, आजीचा फोटो का नाही. मी सांगतो, माझ्या हातून गेला."

हे मला माहीत नव्हते. मी त्याचे काम घालवले एवढेच मी धरून होतो. तो मनातल्या मनात मला शिव्या देत असेल, असे समजून मला थोडे बरेही वाटायचे. तो स्वतःलाच दोष देत बसला असेल हे माझ्या डोक्यातही आले नव्हते. मी काउंटरला धरून उभा राहिलो आणि रडलो. लिहायला लाज वाटते, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

तेवढ्यात एक बाई फोटो काढायला आल्या. त्याने त्यांना स्टुलावर बसवले, "हनुवटी जरा खाली, हां," म्हणाला, फोटो काढला आणि पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाला, "जा तू आता." शनिवारी नऊ वाजता मृत्युपत्रावर सही आहे, त्यात हे सगळे लिहिले आहे, एवढे सांगून मी वही तिथेच ठेवून आलो.

गुरुवारी आला नाही. शुक्रवारी आला नाही. आज शनिवारी सही करायची म्हणून वकीलबाई, समोरचे घड्याळवाले, मुलगी आणि जावई नऊ वाजता स्टुडिओत जमले. दुसरे साक्षीदार म्हणून आमचे डॉक्टर येणार होते, त्यांचा पत्ता नव्हता. दार वाजले. मुलीने उघडले, तर इस्त्रीचा शर्ट घालून धाकटा. काखेत वही.

खुर्ची दिली तर बसला नाही. म्हणाला, "तू मला चार माणसांसमोर बोलला होतास. आता चार माणसांसमोर वाच."

मी कलम सात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मध्ये दोनदा थांबावे लागले. जावई पाणी घेऊन आला. त्याच्याबद्दल वर जे लिहिले आहे त्यातले थोडे कमी समजावे.

वाचून झाल्यावर धाकटा म्हणाला, "दुसरा साक्षीदार मी होतो."

वकीलबाई म्हणाल्या, "काका, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसतं. तुम्ही सही केलीत तर कॅमेऱ्यावर पाणी सोडावं लागेल."

"हा गेल्यावर मिळणारा कॅमेरा कोणाला हवाय?" तो म्हणाला. "मला तो आत्ता हवाय. हा असताना."

म्हणून कलम सातमधली देण्याची ओळ खोडली आहे. कॅमेरा, स्टँड, लेन्स, होल्डर, वह्या आणि निगेटिव्ह मी आज, हयातीत, सर्वांसमोर धाकट्याच्या स्वाधीन केले. कलमाचा बाकी मजकूर आहे तसाच ठेवावा. त्याने ती निगेटिव्ह खिडकीशी धरली, आडवी केली, उभी केली. "बाटल्या सरळ केल्या तर आई झोपते," म्हणाला. मग खिशातल्या रुमालात गुंडाळून ठेवली.

त्यानंतर त्याने फ्रिजमधली पेटी मागितली. डार्करूममध्ये जाऊन दार लावले. चोवीस वर्षांनी अंधारात फिल्म भरायची, तर मला वाटले हाक मारील. मारली नाही. बाहेर आला तो होल्डर नंबर सात घेऊन.

"बस खुर्चीत," म्हणाला.

मला म्हणाला, बस. मी जन्मभर लोकांना बसवले, त्या खुर्चीत कधी बसलो नव्हतो. तो कापडाखाली गेला. मी लेन्सकडे पाहिले आणि दगड झालो. आई म्हणायची ते मला आज कळले. बघायला कोणीतरी लागते. तेव्हा मुलगी आपणहून पुढे आली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला, त्याच्या जागेवर उभी राहिली. तिची आई भिंगातून बघायची तशी बघत राहिली.

केबल दाबली गेली. एक. दोन. शटर मिटले. धाकट्याने कापडाबाहेर हात काढून स्लाईड घेतली आणि माझ्या तोंडून निघून गेले, "उरक लवकर. डोक्यात रक्त उतरलं माझ्या."

कापड हलायला लागले. तो आत हसत होता की काय ते मी सांगू शकत नाही. बाहेर आला तेव्हा डोळे पुसत होता.

ती फिल्म आज धुवायची नाही, असे त्याने ठरवले आहे. "सोमवारचं उरकून ये," म्हणाला. "मग दोघं धुऊ. एकट्यानं मला नाही जमायचं." मी वेळेवर आलो नाही तर त्याने एकट्याने धुवावी, ही माझी शेवटची इच्छा. पण ती त्याला मान्य नाही, हेही नोंदवतो.

हा सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि पूर्ण समजून खाली सही केली.

ठिकाण: स्टुडिओची पुढची खोली, उत्तरेच्या खिडकीपाशी.
तारीख: चौदा नोव्हेंबर, शनिवार, सकाळचे पावणेबारा.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार क्रमांक १: (सही) समोरचे घड्याळदुरुस्तीवाले. लिहून देणाऱ्याने माझ्यासमक्ष सही केली. डोकं ठिकाणावर होतं.

साक्षीदार क्रमांक २: (सही) सख्खा धाकटा भाऊ. माझ्यासमक्ष वाचलं, माझ्यासमक्ष सही केली. आजची नोंद वहीत केली आहे, तीच इथे उतरवतो:

७-अ. दादा. दोन सेकंद. सोळा. फि.